मुठीच्या हाताने मोजलेला डबा

माझ्या डब्यासमोर ठेवलेल्या कार्डावर एकच शब्द जाड अक्षरात लिहिला होता: काल्पनिक. खाली बारीक अक्षरात माझं नाव, वर्ग आणि शाखा. तो शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही. मला राग लवकर येत नाही, आणि आला तरी तोंडातून शब्द निघायला वेळ लागतो. आता बरेच महिने झाले आहेत. शब्द सापडले आहेत असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

मी यवतमाळला अभियांत्रिकी पदविकेला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. दारव्ह्याजवळच्या तांड्यावर आमचं घर आहे, थोडी शेती आहे, कपाशी आणि तूर. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, वऱ्हाडीत मिसळून बोलतो, बाहेर नुसती वऱ्हाडी, आणि कॉलेजात मी पुस्तकातलं मराठी बोलायचा प्रयत्न करते. तिन्हींतली एकही धड येत नाही असं माझी याडी, म्हणजे आई, म्हणते.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजने ठरवलं की आपल्या भागात पूर्वी धावणाऱ्या छोट्या गाडीची प्रतिकृती करायची. अरुंद रुळांची ती गाडी. तिचे रूळ आता बाभळींत हरवले आहेत. लायब्ररीच्या हॉलमध्ये चार टेबलं जोडून त्यावर रूळ मांडायचे, स्टेशन करायचं, इंजिन विजेवर चालवायचं, आणि मागे त्या काळातले मालडबे जोडायचे. प्रमाण ठरलं होतं दोन फुटाला एक इंच. खऱ्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे आमच्या टेबलावर सव्वा इंच. आम्ही दहा जण होतो आणि प्रत्येकाने एक डबा करायचा होता. कोणी पाण्याची टाकी घेतली, कोणी गुरांचा डबा, कोणी गार्डचा. हे काम बघणाऱ्या मॅडमनी सांगितलं, "वेगळं काही तरी शोधा. इंटरनेटवरचं उचलू नका. घरी विचारा."

घरी विचारा म्हटल्यावर मला आनंद झाला होता. पहिल्यांदाच कॉलेजातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरी होतं.

माझ्या वडिलांना आम्ही बा म्हणतो. बा तरुणपणी काही वर्षं दारव्ह्याच्या पुढच्या एका लहान स्टेशनवर माल भरायला जायचा. त्या मालधक्क्यावर येणाऱ्या एका विचित्र डब्याबद्दल तो लहानपणापासून आम्हाला सांगत आला होता. हमाल त्या डब्याला कुबडी म्हणायचे. डबा चार चाकांचा. अर्धं छत खालच्या उंचीवर, अर्धं वर उचललेलं, पाठीला कुबड यावं तसं. खालच्या अर्ध्यात दाबलेल्या रुईच्या गाठी जायच्या. वरच्या अर्ध्यात न दाबलेली रुई मोठ्या पोत्यांत भरून जायची. त्या अर्ध्याला खाली दार नव्हतंच, कारण रुई फुगली की खालचं दार उघडून यायचं. दार होतं वर, छताच्या लगेच खाली. तिथून पोती आत टाकायची आणि एकाने आत उतरून ती पायाने तुडवायची. तुडवायला बा असायचा, कारण त्या टोळीत तोच सगळ्यांत हलका होता. डब्यातून बाहेर निघाला की भुवयांपर्यंत पांढरा. इंजिनाची ठिणगी उडून रुई पेटू नये म्हणून वरून ताडपत्री टाकून दोराने बांधायची, आणि ते दोर कापायचं कामही बाचंच होतं. म्हणूनच त्याला मापं पाठ होती. डब्याची लांबी चौदा हात, त्यातलं कुबड सात हात. रुंदी पाच हात.

मी ते वहीत लिहून घेतलं. शाळेत शिकवलं होतं की एक हात म्हणजे दीड फूट. चौदा हात म्हणजे एकवीस फूट. दोन फुटाला एक इंच, म्हणजे साडेदहा इंच. हिशेब सोपा होता, मी दोनदा तपासला.

डबा करायला मला दीड महिना लागला. भिंती जाड लग्नपत्रिका एकावर एक चिकटवून केल्या. छताचा पन्हाळी पत्रा टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा, कंगव्यावर दाबून नळ्या पाडलेला. आस सायकलच्या आऱ्यांचे. चाकं मी कॉलेजच्या लेथवर स्वतः काढली, आणि पहिल्या सहा चाकांपैकी चार फेकून दिली. ताडपत्रीला जुन्या छत्रीचं कापड आणि दोराला पोत्याची सुतळी, एकेक धागा वेगळा करून. मला वाटत होतं की टेबलावरच्या सगळ्या डब्यांत हा डबा जिवंत आहे. हे आता लिहितानाही जरा लाजल्यासारखं होतं, पण वाटत होतं खरं.

उद्घाटन सोमवारी होतं. त्याआधीच्या गुरुवारी मांडणी तपासायला एक पाहुणे आले. निवृत्त अभियंता, छोट्या आगगाड्यांचा मोठा छंद असलेले. त्यांच्या घरी म्हणे एक पूर्ण खोली भरून रूळ आहेत. स्वभावाने वाईट नव्हते, हे मला लिहायलाच हवं. त्यांनी आमच्या स्टेशनसाठी स्वतःच्या संग्रहातल्या इवल्याशा माणसांची एक डबी भेट आणली होती. बाहेरच्या देशातली, हाताने रंगवलेली माणसं. हॅट घातलेले साहेब, सुटकेस धरलेला एक म्हातारा, आणि एक झग्यातली बाई, जिच्या हातातल्या साखळीला कुत्रा बांधलेला होता. सगळी माणसं आमच्या फलाटावर चिकटवली गेली. कुत्रा फिरवणारी बाई मालधक्क्याच्या बरोबर समोर.

पाहुण्यांनी एकेक डबा हातात घेऊन मोजला. माझ्यापाशी आल्यावर थांबले.

"हे काय आहे?"

"कुबडी, सर. म्हणजे कापसाचा डबा."

"दोन डबे अर्धे अर्धे जोडलेत का?"

"नाही सर. एकच होता. असाच."

"कुठे पाहिलात?"

मी म्हणाले, माझ्या वडिलांनी पाहिलाय. प्रत्येक डब्यासोबत भरून द्यायच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'आधार'. बाकीच्यांनी तिथे पुस्तकाचं नाव किंवा जुन्या फोटोचा क्रमांक लिहिला होता. मी लिहिलं होतं, 'माझे वडील'. त्यांनी ते वाचलं आणि लाल पेनाने त्यावर एक रेघ मारली. रागाने नाही. माझ्या वहीतली बेरीज चुकली असती तर जशी मारली असती तशी.

मग त्यांनी डबा रुळांवर ठेवला आणि इंजिनाने ओढायला लावला. सरळ रुळांवर तो चालला. वळण आलं आणि पुढची दोन चाकं रुळांवरून उतरली. पुन्हा ठेवला, पुन्हा उतरली. पोरं हसली.

"एवढा लांब चारचाकी डबा अशा वळणांवर चालूच शकत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर असा डबा कुठल्याही नोंदीत नाही. मुली, कल्पना छान आहे, हात चांगला आहे तुझा. पण ही प्रतिकृती नाही. हा हस्तकलेत ठेवा."

हस्तकलेचं टेबल हॉलच्या दाराजवळ होतं. तिथे कागदाची फुलं होती, क्रोशाचं तोरण होतं, आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा एक ताजमहाल. माझा डबा तोरणाच्या बाजूला ठेवला गेला आणि त्याच्यासमोर ते कार्ड आलं. काल्पनिक.

"हो सर," एवढंच म्हणाले. ते 'हो सर' मला अजून टोचतं.

होस्टेलवर गेल्यावर राग यायला लागला आणि मग थांबेचना. डबा उतरला हे दिसत होतं, ते मी नाकारत नव्हते. पण डबा चालत नाही म्हणून तो नव्हताच, हे कुठलं शहाणपण? आणि तो नव्हता, तर बा काय तुडवत होता? त्याच्या उजव्या खांद्यावर अजून एक घट्टा आहे, पोती वर फेकून फेकून झालेला. तो घट्टाही काल्पनिक का? आमच्या फलाटावर कुत्रा फिरवायला कोणत्या देशातली बाई आली होती, हे कोणी विचारलं नाही. तिला आधार लागला नाही. माझ्या वडिलांना लागला.

आणि सगळ्यांत वाईट गोष्ट ही होती की बा सोमवारी येणार होता. मी कॉलेजला जायला लागल्यापासून तो कधी कॉलेजच्या आत आला नव्हता. फाटकापर्यंत सोडायचा आणि तिथूनच परत जायचा. या वेळी मीच त्याला म्हटलं होतं, बा, कुबडी बघायला ये. त्याला वाचता येतं, हळूहळू. 'काल्पनिक' वाचायला त्याला थोडा वेळ लागला असता, पण वाचला असता.

म्हणून सोमवारच्या आत ते कार्ड हटायला हवं होतं.

शनिवारी बस पकडून दारव्ह्याला आले आणि तिथून काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून तांड्यावर. याडी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"काय वं छोरी, डब्याले बक्षीस भेटलं काय?"

"नाही याडी."

"मंग तोंड कायले एवढं पाडलं?"

मी सांगितलं. सगळं नाही सांगितलं, कार्डाचं सांगितलं नाही. एवढंच की एक साहेब म्हणाले, असा डबा नव्हताच. याडी हातातली शेंग खाली ठेवून हसायलाच लागली.

"नोयता? मंग मी लगन झाल्यावर याचे कपडे धुतले ते काय चिखलाचे होते? दोन-दोन पाण्यात रुई निघत नोयती. आण त्या साहेबाले इकडं, त्याच्या धोतरात भरून देतो रुई."

"साहेब धोतर नेसत नाहीत, याडी."

"मंग पँटात भरतो."

बा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. बैलाचा कासरा तुटला होता आणि तो नवा दोर मोजून कापत होता. माझं बोलणं त्याने ऐकलं असणार, पण त्याचं मोजणं थांबलं नाही. दोर डाव्या मुठीत धरायचा, कोपरापर्यंत ताणायचा, मग पुन्हा मूठ. एक, दोन, तीन. मी ते लहानपणापासून शंभरदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी मी पाहतच राहिले.

"बा, हात म्हणजे बोटाच्या टोकापर्यंत ना? कोपरापासून?"

"काहून?"

"शाळेत असंच शिकवलंय. दीड फूट."

"अवं, दोर काय बोटाच्या नखानं धरतेत काय? दोर मुठीत धरला तर माप मुठीपर्यंत. कपडेवाला बोटापर्यंत मोजते, त्याले धरायचं काय हाये?"

"मग डब्याचे चौदा हात?"

"दोराचेच हात सांगितले ना तुले. मी काय दर्जी होतो काय?"

मी दप्तरातून टेप काढला. बाला म्हटलं, मूठ वळ. त्याने वळली, आणि मी त्याच्या कोपरापासून मुठीच्या पुढच्या हाडांपर्यंत टेप लावला. साडेपंधरा इंच. मी ते अठरा धरले होते.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि काडीने मातीत हिशेब केला. चौदा गुणिले साडेपंधरा, दोनशे सतरा इंच. अठरा फुटांहून एक इंच जास्त. आमच्या प्रमाणात नऊ इंच, वर केसभर. मी केलेला डबा दीड इंच लांब झाला होता, आणि म्हणूनच तो वळणावर उतरला होता. साहेबांचं ते बोलणं बरोबर होतं. असा लांब डबा या मार्गावर नव्हता. चूक माझी होती. ज्या माणसाच्या शब्दावर मी डबा केला, त्याचा हात मी एकदाही मोजला नव्हता. त्याच्या हातापेक्षा मला शाळेतलं पुस्तक जास्त खरं वाटलं होतं.

हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही, पण त्याची अर्धी बाजू माझ्याकडे वळली.

बाला म्हटलं, "आणखी काही पुरावा आहे का? त्या डब्याचा? फोटो, कागद, काहीही."

"कागद कोणी देला आमाले." मग थोडा वेळ तो दोराचं टोक वळत राहिला. "धक्क्यावरचा ओटा असंन अजून. चाल, पाहून येऊ."

आम्ही दुपारी मोटारसायकलवर गेलो. स्टेशनची खोली उभी होती, दारं नव्हती. रुळांवर बाभूळ आणि गाजरगवत. मालधक्का मात्र दगडी होता, तसाच होता. कोणी तरी त्यावर गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. सगळा धक्का एका उंचीचा, फक्त एका जागी त्यावर आणखी गुडघाभर उंच दगडी ओटा बांधलेला. कडेला, रुळांना लागून. लहानपणी मी तिथून गेले असेन तर तो बसायला केलाय असंच समजले असेन.

"यावर उभं राहून पोते वरच्या दारात टाकाचे," बा म्हणाला. "डबा असा लावाचा का कुबड बरोब्बर ओट्यासमोर. एक हात मागंपुढं झाला का मुकादम शिव्या देये. ओटा कुबडाएवढाच हाये, जास्त नाई."

कुबड सात हात. सात गुणिले साडेपंधरा, एकशे साडेआठ इंच. म्हणजे नऊ फूट अर्धा इंच. मी गोवऱ्या बाजूला सरकवल्या. बाने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं घेऊन चालत गेले. ओट्याची दगडी कड झिजलेली होती, म्हणून मी दोनदा मोजलं. नऊ फूट एक इंच.

मी टेपवरचा आकडा पुन्हा वाचला. बा म्हणाला, "काहून, कमी भरला काय?"

"नाही बा. बरोबर भरला."

"मंग बरोबरच असंन ना," तो म्हणाला, जणू मी ते पाहायला एवढ्या लांब आलेच कशाला. मग ओट्यावर चढून उभा राहिला आणि समोर, जिथे वरचं दार असायचं तिथे, हवेत पाहत राहिला. मी त्याचा फोटो काढला. टेप पायाशी पसरलेला, चपला पुसट दिसताहेत, आणि चेहऱ्यावर ऊन.

रविवारचा सगळा दिवस मी नवा डबा केला. जुना डबा हस्तकलेच्या टेबलावरच होता, तो मी तिथेच ठेवला. सगळं पहिल्यापासून करायचं असल्यामुळे घाई झाली, आणि छताच्या पन्हाळी पहिल्यासारख्या नीट आल्या नाहीत. लेथवर जादा काढलेली चाकं कॉलेजातच होती, ती सोमवारी सकाळी बसवायची ठरवली. याडीने तिच्या फेटियाच्या जुन्या काठातून सुतळीपेक्षा बारीक धागा काढून दिला. फेटिया म्हणजे आमच्या बायांचा घागरा. "दोर हाच लाव," म्हणाली, "दिसन तरी."

सोमवारी सकाळी चाकं बसवून मॅडमकडे गेले. फोटो दाखवले, हिशेब दाखवला, माझी चूक काय झाली ते सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकलं. "डबा फार छान आहे," म्हणाल्या. "पण आधार मान्य करणं सरांच्या हातात आहे. ते अकराला येतील तेव्हा विचारू." कार्ड तोपर्यंत तसंच राहणार होतं. मी म्हटलं, मॅडम, माझे वडील येणार आहेत. त्या म्हणाल्या, अजून दोन तास आहेत गं.

पण जीप त्या दिवशी लवकर भरली. बा साडेदहालाच आला. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, आणि हॉलच्या दारात चपला काढून उभा. मी म्हटलं, बा, चपला चालतात इथे. तो म्हणाला, असू दे. दार जिथे, तिथेच हस्तकलेचं टेबल. त्याची नजर आधी डब्यावर गेली, मग कार्डावर. मी मध्ये उभी राहायचा प्रयत्न केला, पण तो वाचायला लागला होता. का. ल्प. नि. क.

"काल्पनिक म्हंजे?"

मला खोटं बोलता आलं असतं. "जे नव्हतं ते," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने डबा दोन बोटांनी उचलला, डोळ्यांजवळ नेला, फिरवला, आणि परत ठेवला. "हा लांब हाये," म्हणाला. मी पिशवीतून नवा डबा काढून दिला. तो त्याने जास्त वेळ पाहिला. मग अंगठा वरच्या दारावर ठेवून म्हणाला, "कडी डाव्या बाजूनं लावली तू. उजव्या बाजूनं होती. डाव्या हातात पोतं राहे ना, मंग कडी कोणत्या हातानं काढणार?"

तेवढ्यात पाहुणे आले. मॅडमनी ओळख करून दिली. ते बाला नमस्कार करून काका म्हणाले, हेही लिहायला हवं. त्यांनी नवा डबा मोजला, रुळांवर ठेवला, इंजिनाला जोडला. वळण आलं. डबा वळला आणि पुढे गेला. पुन्हा फिरून आला, पुन्हा वळला.

"आता माप बरोबर आहे," ते म्हणाले. मी माझी चूक सांगितली, मुठीची. त्यांना ती आवडली, हसले. ओट्याचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. "हा ओटा तराजूसाठी असू शकतो. धक्क्यावर तराजू असायचे. काका, त्या डब्याचा एखादा फोटो नाही का तुमच्याकडे?"

"फोटो कायचा साहेब," बा म्हणाला. "आमी पोते टाकत होतो, लगन नोयतं."

सगळे हसले, पाहुणेही. "मी नाही म्हणत नाही हो, काका. पण नोंद नसली की आम्हाला मान्य करता येत नाही. फार तर 'संभाव्य' लिहू."

बा मान हलवायला लागला होता. मी त्याला ओळखते. साहेब जे म्हणेल त्याला मान हलवायची त्याला सवय आहे. आणि मला दिसलं की गुरुवारी मीही अशीच मान हलवली होती.

"सर," मी म्हणाले. "त्या बाईची नोंद आहे का?"

"कोणत्या बाईची?"

"कुत्रा घेऊन उभी आहे ती. आपल्या मालधक्क्यासमोर."

मॅडम माझ्याकडे पाहायला लागल्या. पाहुणे म्हणाले, "ती सजावट आहे."

"सजावटीला पुरावा लागत नाही. ज्यांनी माल भरला त्यांना लागतो. माझ्या चुकीचा पुरावा तुम्हाला लगेच सापडला, सर, वळणावर. मी ती मान्य केली. ओट्याचं माप माझ्या वडिलांच्या हाताला बरोबर लागतं, तराजूला नाही. तराजूचा ओटा नऊ फूट लांब कशाला बांधतील?"

मला वाटलं होतं, बोलल्यावर बरं वाटेल. तसं वाटलं नाही. पाहुण्यांनी ओट्याचा फोटो पुन्हा एकदा मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "डबा गाडीला लावा. कार्डाचं नंतर बघू." आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

बाने डबा हातात घेतला. कुठे लावायचा हे कोणी त्याला सांगितलं नाही. त्याने गार्डचा डबा सोडवला, कुबडी मध्ये लावली, आणि गार्डचा डबा तिच्यामागे जोडला. "हिले नेहमी शेवटी लावत," तो म्हणाला. "ठिणगी पडन म्हणून. इंजिनापासून दूर."

कोणी काढली नाही. गाडी संध्याकाळपर्यंत फिरत होती आणि कुबडी तिच्या जागी होती.

बा दुपारीच गेला, जीपला गर्दी व्हायच्या आधी. जाताना त्या बाईजवळ वाकून म्हणाला, "हा कुत्रा गाडीले भिन."

प्रदर्शन संपलं. मांडणी अजून लायब्ररीत काचेखाली आहे. कार्डावर आता 'संभाव्य' लिहिलेलं आहे आणि आधाराचा रकाना रिकामा आहे. माझी चूक मी एका कागदावर लिहून मॅडमना दिली: एक हात म्हणजे दीड फूट असं मी धरलं, ते चुकीचं होतं, मूठ मोजायला हवी होती. तो कागद त्यांनी फाइलला लावला. पाहुण्यांची चूक मात्र कोणी लिहून दिली नाही. आधार म्हणून 'ओट्याचं मोजमाप आणि माल भरणाऱ्याची साक्ष' लिहावं असा अर्ज मी दोनदा दिला आहे. दोन्ही वेळा सांगितलं गेलं की पाहुण्यांना विचारावं लागेल. तिसरा अर्ज मी परवा लिहिला. त्यात बाचं पूर्ण नाव लिहिलं आहे, आणि खाली त्याच्या हाताचं माप, मुठीपर्यंत, साडेपंधरा इंच.

कडी मी त्याच आठवड्यात बदलली. आता ती उजवीकडे आहे.